साडेतीन

मंगळवारी सहाला हॉल उघडतो.
मी पाचच्या आधी.
चारशे खुर्च्या, हुडहुडी भरेल असा एसी
आणि माझा आवाज : हॅलो, एक, दोन, तीन, साडेतीन.
साडेतीन हे माझं आपलं.
शारजाच्या या विद्यापीठांच्या वस्तीत
कृष्णविवरं येण्याआधी, जनुकं येण्याआधी
भिंतींना पहिली मराठी ऐकू येते.
कुणाला माहीत नाही. माझंही काही म्हणणं नाही.

माझं काम प्रश्नांचं.
म्हणजे प्रश्न लोकांचे, माइक माझा.
हात वर झाला की निघायचं,
गुडघे चुकवत, जमिनीवर पसरलेले अबाये चुकवत,
माइक पुढे धरायचा, पण सोडायचा नाही.
सोडला की प्रश्नाचं भाषण होतं,
निवृत्त इंजिनियर असला तर नक्कीच.
नऊ वर्षं अशी दुसऱ्यांची जिज्ञासा
हातभर अंतरावर धरून उभा आहे.

त्या दिवशी बहारीनच्या डॉक्टर हेस्सा आल्या होत्या.
समुद्राचं पाणी गोडं कसं करतात.
पडदे, पंप, दाबाचे आकडे, आणि मग
टेबलावरचा ग्लास उचलून म्हणाल्या,
"हे काल समुद्र होतं."
प्यायल्या. टाळ्या.

तिसऱ्या रांगेतून एक बारका हात.
दातांना तारा, तळहातावर निळ्या शाईत लिहिलेला प्रश्न,
घामाने अर्धा पुसलेला.
नाव सांगितलं मिनाहिल, इयत्ता सातवी.
"मग मीठ कुठे जातं?"

माझा हात हलला. स्पीकरमध्ये खरखर झाली.
वरून हमदान साउंडवाल्याने डोळे वटारले.

मी शिरोड्याचा. मिठागरातला.
माझा बापूस उन्हाळाभर पाणी घालवायचा
आणि मीठ ठेवायचा.
इथे मीठ घालवतात आणि पाणी ठेवतात.
नऊ वर्षं याच पाण्याने आंघोळ करतोय,
भात शिजवतोय, वर चमचाभर पाकिटातलं मीठ टाकतोय,
आणि हे कधी डोक्यातच आलं नाही.
कोंडीतलं पाणी बोटाने जिभेला लावून
तो पुटपुटायचा, "उद्या धरतलां."
धरायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे
पाण्यावर साय आल्यासारखं.

डॉक्टर म्हणाल्या, परत समुद्रात.
नळातून, लांब, जिथे प्रवाह आहे तिथे.
जवळजवळ दुप्पट खारट.
"आणि मग समुद्राचं काय होतं?"
मुलीने माइक माझ्या हातासकट ओढला.

वक्त्यांचे थांबे मला कळतात.
पाणी पिण्याचा वेगळा, टाळ्यांसाठीचा वेगळा.
हा तिसरा होता.
"ते अजून मोजतोय," त्या म्हणाल्या.
"पुरतं माहीत नाही."
नऊ वर्षांत हे वाक्य
मी बोटांवर मोजण्याइतकंच ऐकलंय.

सगळे गेल्यावर कॉलरचा माइक काढून घेताना
माझ्या इंग्रजीत बोललो : मॅडम, माय फादर, सॉल्ट.
एवढंच. क्रियापद सापडेना.
त्या स्टेजच्या काठावर बसल्या, चपला काढून.
किती दिवस लागतात?
वाऱ्यावर आहे, मी म्हणालो.
कुठला वारा, शमाल?
नाही, आमचा दुसरा.
त्याचं नाव सांगता येईना म्हणून
हाताने दाखवला, डोंगराकडून पाण्याकडे.
त्यांनी पाकिटाच्या पाठीवर
माझ्या हाताचा बाण काढला
आणि शेजारी प्रश्नचिन्ह.

मग बलोच वॉचमनने दिवे घालवले.

ग्लासात दोन घोट उरले होते.
मी प्यायलो. कसलीच चव नव्हती.
जिभेवर थोडा वेळ धरून पाहिलं, बापसासारखं.
काही सांगत नव्हतं ते पाणी.

सेल चार्जिंगला लावले, वायरी गुंडाळल्या.
पुढच्या मंगळवारी मधमाश्या.